बॅगपस: हरवलेल्या वस्तूंच्या दुकानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅगपस म्हणजे नक्की काय?

ब्रिटनमध्ये १९७४ साली बीबीसीवर दाखवलेली लहान मुलांची मालिका. एक जुनं, ढिलं पडलेलं, शिवणीत जरा उसवलेलं कापडी मांजर आणि त्याच्याभोवतीची खेळणी, एवढाच संसार. बाहुल्या थोड्या थोड्या हलवून, दर वेळी एकेक फ्रेम टिपून तो पडद्यावर जिवंत केलेला आहे. या पद्धतीला स्टॉप-मोशन म्हणतात. मांजराचं नाव बॅगपस, आणि तेच मालिकेचं नाव.

दुकान आहे, पण तिथे काही विकत नाहीत, हे खरं का?

खरं आहे. दुकानाची मालकीण एमिली नावाची लहान मुलगी. कोणीतरी हरवलेल्या, टाकून दिलेल्या, रस्त्यात पडलेल्या वस्तू ती उचलून आणते आणि बॅगपससमोर ठेवते. दुकानाच्या खिडकीत मांडलेली प्रत्येक गोष्ट कधीतरी कोणाची तरी हरवलेली आहे. गल्ला नाही, गिऱ्हाईक नाही, किमतीची चिठ्ठी नाही. मोठ्यांना हे जरा चमत्कारिक वाटतं. मुलांना अजिबात वाटत नाही, कारण खेळातली त्यांची निम्मी दुकानं अशीच चालतात.

ही ‘चित्रात लपलेली वस्तू शोधा’ या प्रकारातली मालिका आहे का?

त्या प्रकाराची सख्खी नाही, चुलत बहीण म्हणता येईल. तसा शोध हवा असेल तर ‘आय स्पाय’ ही अमेरिकी स्टॉप-मोशन मालिका पाहा. ती २००२ मध्ये एचबीओ फॅमिली वाहिनीवर सुरू झाली. तिचा आधार म्हणजे त्याच नावाची पुस्तकं. जीन मार्झोलो यांची यमकातली कोडी आणि वॉल्टर विक यांची खेळणी, मणी, बटणं, गोट्या यांनी खच्चून भरलेली छायाचित्रं असं त्यांचं स्वरूप, आणि पहिलं पुस्तक १९९२ चं. तिथे वस्तूचं नाव आधी सांगतात, जागा तुम्ही शोधायची.

बॅगपसमध्ये सगळं उलटं आहे. वस्तू पहिल्याच मिनिटाला समोर येते, शोधायचं असतं ते तिचं नाव-गाव. हे आहे काय? कशासाठी केलं असेल? मोडलं कुठे? कोणाचं असेल? पहिल्या प्रकारात डोळ्यांना काम असतं आणि उत्तर एकच असतं. दुसऱ्यात तर्काला काम असतं आणि उत्तरं भांडत भांडत येतात. मला स्वतःला दुसरा प्रकार जास्त आवडतो, म्हणून हे पान बॅगपसवर आहे.

एका भागात साधारण काय घडतं?

सुरुवात ठरलेली. जुन्या तपकिरी छायाचित्रांतून एमिली आणि तिचं दुकान दिसतं. ती नवी सापडलेली वस्तू आणून ठेवते, बॅगपसच्या कानाशी एक छोटी कविता म्हणते आणि निघून जाते. बॅगपस लांबलचक जांभई देतो. तो जागा झाला की त्याचे मित्रही जागे होतात, आणि चित्रात रंग भरतो.

मग सुरू होते चौकशी. वस्तू बहुधा मळलेली, चेपलेली, अर्धवट तुटलेली असते. उंदीर ती घासूनपुसून लख्ख करतात. प्राध्यापक याफल नावाचा लाकडी सुतारपक्षी चष्म्यातून निरखून निकाल देतो. बॅगपसला तो निकाल नीरस वाटतो आणि तो एखादी गोष्ट रचून सांगतो. ती त्याच्या डोक्यावरच्या विचारांच्या ढगात चित्रांतून दिसते. मॅडेलिन बाहुली किंवा गॅब्रिएल बेडूक एखादं गाणं म्हणतो. शेवटी वस्तू दुरुस्त करून खिडकीत ठेवतात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या मालकाला दिसावी. बॅगपसला झोप येते, तो झोपला की सगळे झोपतात, रंग पुन्हा तपकिरी होतो.

‘द हॅमिश’ हा भाग याचा चांगला नमुना. स्कॉटिश चौकड्यांच्या कापडाचं साळिंदरासारखं काहीतरी सापडतं. बॅगपसच्या मते तो हॅमिश नावाचा स्कॉटलंडमधला एक लाजाळू प्राणी, आणि त्यावर त्याच्याकडे अख्खी कहाणी तयार. याफलच्या मते ती टाचण्या टोचून ठेवायची गादी, बस्स. खरं कोणाचं? याफलचंच. पण कहाणी ऐकून झालेली असते, आणि त्यानंतर ती गादी कोणालाच निव्वळ गादी वाटत नाही. मालिका याफलला खोटं पाडत नाही, आणि बॅगपसलाही ‘पुरे झाल्या थापा’ असं म्हणत नाही. मुलांसाठी लिहिणाऱ्यांना हा तोल साधणं फार कठीण जातं. बहुतेक वेळा एक तर कल्पनेचा उदो उदो होतो, नाही तर शेवटी माहितीचा डोस येतो.

‘द एलिफंट’मध्ये कान गळालेला हत्ती सापडतो. कान नसलेला हत्ती, हत्ती म्हणून ओळखायचा कसा? चार वर्षांचं मूल यावर गंभीरपणे विचार करतं. करू द्या, मध्ये बोलू नका.

वस्तूचा मालक कधी येतो का?

नाही. प्रत्येक भाग ‘कदाचित येईल’ इथेच थांबतो. काही मुलांना याची चुटपुट लागते. माझ्या मते त्यावर लगेच समजूत घालत बसू नये. ‘तुला काय वाटतं, कोणाचं असेल?’ असं विचारून सोडून द्यावं.

किती भाग आहेत? केव्हा दाखवले?

तेरा. पहिला भाग १२ फेब्रुवारी १९७४ ला, शेवटचा ७ मे १९७४ ला. दर मंगळवारी एक. प्रत्येक भाग सुमारे पंधरा मिनिटांचा. म्हणजे अख्खी मालिका सव्वातीन तासांत संपते. त्यानंतर नवे भाग कधीच निघाले नाहीत, पण बीबीसीने हेच तेरा भाग पुढे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा दाखवले, आणि ब्रिटनमधल्या एका पिढीला ते तोंडपाठ झाले.

जाता जाता: त्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये ऊर्जाटंचाईमुळे बऱ्याच उद्योगांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळत होती. मोडकं टाकून न देता दुरुस्त करणाऱ्या दुकानाची गोष्ट नेमकी त्या दिवसांत आली. हे जुळवून आणलेलं नव्हतं, पण जुळलं छान.

ही मालिका कोणी बनवली?

दोघांनी. ऑलिव्हर पोस्टगेट (१९२५–२००८) आणि पीटर फर्मिन (१९२८–२०१८). त्यांच्या संस्थेचं नाव स्मॉलफिल्म्स, आणि नाव अगदी शब्दशः खरं होतं. पोस्टगेट लिहायचे, कॅमेरा चालवायचे, बाहुल्या हलवायचे, निवेदन करायचे आणि बॅगपस व याफल या दोघांचे आवाजही द्यायचे. फर्मिन चित्रं काढायचे, बाहुल्या आणि देखावे बनवायचे. चित्रीकरणाची जागा म्हणजे केंट परगण्यात, कँटरबरीजवळच्या ब्लीन गावी फर्मिन यांच्या घराच्या आवारातला वापरात नसलेला गोठा. ‘स्टुडिओ’ हा शब्द ऐकून मनात जे चित्र उभं राहतं ते पुसून टाका.

पोस्टगेट यांचं घराणं राजकारणातलं. आजोबा जॉर्ज लॅन्सबरी हे मजूर पक्षाचे नेते होते. अभिनेत्री अँजेला लॅन्सबरी त्यांची मामेबहीण. दुसऱ्या महायुद्धात पोस्टगेट यांनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हाती घ्यायला नकार दिला आणि तुरुंगवास पत्करला. त्यांच्या गोष्टींत खलनायक जवळजवळ नसतात, भांडणं वादावादीपर्यंतच जातात, आणि कोणालाही धडा शिकवला जात नाही. यामागे हा माणूस आहे, हे माहीत असलेलं बरं.

मांजर गुलाबी का आहे?

कापड रंगवताना झालेल्या घोटाळ्यामुळे. फर्मिन यांना नेहमीचं नारिंगी पट्ट्यांचं मांजर हवं होतं. रंगवून आलेलं कापड मात्र निघालं गुलाबी आणि साय-रंगाच्या पट्ट्यांचं. त्यांनी तेच वापरलं, आणि झालं ते उत्तमच झालं असं ते पुढे सांगत. नारिंगी मांजरं पुष्कळ आहेत. हे एकच आहे.

बॅगपससोबत आणखी कोण कोण आहे?

*प्राध्यापक याफल.* पुस्तकं पडू नयेत म्हणून कडेला लावायचा लाकडी टेकू, सुतारपक्ष्याच्या आकारात कोरलेला. हा मालिकेतला पंडित. कशालाही ‘अशक्य’, ‘मूर्खपणा’ म्हणायची घाई, आणि उंदरांनी फजिती केली की फुरंगटणं. लहानपणी पोस्टगेट यांच्या घरी विद्वानांची ये-जा असे, आणि याफलमध्ये तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांची छटा त्यांनी जाणूनबुजून घातली. नोबेल मिळवलेल्या तत्त्वज्ञाला लाकडी पक्षी करून उंदरांच्या तावडीत द्यायचं, याला धाडस लागतं. गंमत अशी की याफल हास्यास्पद असूनही बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं. ज्याच्या वर्गात असा एखादा शिक्षक होऊन गेला, त्याला याफल लगेच ओळखू येईल.

*मॅडेलिन.* चिंध्यांची बाहुली, शांत, आईसारखी. जागची फारशी हलत नाही. ही बाहुली पीटर फर्मिन यांच्या पत्नी जोन यांनी शिवली होती.

*गॅब्रिएल.* बँजो वाजवणारा बेडूक. याची हालचाल बाकीच्यांपेक्षा वेगळी का वाटते, ते खाली ‘चित्र हलतं कसं?’ मध्ये सांगितलं आहे.

*उंदीर.* एकूण सहा: चार्ली, एडी, जेनी, जेनी (इंग्रजीत दोघींची नावं वेगळी आहेत, देवनागरीत इलाज नाही), लिझी आणि विली. हे ‘माउस ऑर्गन’ नावाच्या यांत्रिक वाद्यावरचे कोरीव उंदीर. बॅगपस जागा झाला की तेही उतरून कामाला लागतात. दुरुस्ती त्यांची, दंगाही त्यांचाच.

उंदरांच्या बिस्किटांचं काय प्रकरण आहे? सगळे त्याबद्दलच बोलतात.

‘द माउस मिल’ हा भाग. एक लाकडी गिरणी सापडते. उंदीर जाहीर करतात की हिच्यातून चॉकलेटची बिस्किटं निघतात, आणि कच्चा माल काय, तर पावाचा चुरा आणि बटरबीन्स, म्हणजे आपली डबल बी. याफल म्हणतो, अशक्य. उंदीर वरून दाणे ओततात, गिरणी फिरवतात आणि खालून खरोखर बिस्किट बाहेर येतं. मग आणखी एक. मग आणखी एक. याफल चक्रावतो.

शेवटी तो गिरणीच्या मागे डोकावतो. बिस्किट एकच असतं! उंदीर तेच मागच्या बाजूने नेऊन पुन्हा पुढून बाहेर काढत असतात.

माझ्या मते तेरा भागांतला हा सर्वात हुशार भाग. पाहणाऱ्या मुलाला लबाडीचा संशय याफलच्या आधी येऊ शकतो, आणि तसा यावा अशीच मांडणी आहे. शिवाय शंका घेणारा इथे बरोबर ठरतो. नुसत्या विश्वासाने बिस्किटं तयार होत नाहीत. मुलांच्या मालिकांत असं क्वचितच घडतं. उंदरांना शिक्षा मात्र काहीच होत नाही. ती व्हायला हवी होती, असं मला एक आजोबा तावातावाने म्हणाले होते.

गाणी कोणाची?

सँड्रा कर आणि जॉन फॉकनर यांची. दोघेही ब्रिटनमधल्या लोकसंगीताच्या चळवळीतले, लोकगायक युअन मॅकॉल यांच्या ‘क्रिटिक्स ग्रुप’ या गायक-वादकांच्या गटात तयार झालेले. कर मॅडेलिनसाठी गायल्या, फॉकनर गॅब्रिएलसाठी. त्यामुळे या गाण्यांना ‘बालगीत’ म्हणून मुद्दाम आणलेला गोडगोडपणा नाही. चाली जुन्या आहेत, वाद्यं खरी आहेत.

उंदीर दुरुस्ती करताना जे गाणं म्हणतात, ते नीट ऐका. एक सुरू करतो, तो थोडा पुढे गेला की दुसरा तीच ओळ पहिल्यापासून धरतो, मग तिसरा. ही चाल आहे ‘समर इज इकुमेन इन’ या तेराव्या शतकातल्या इंग्रजी गाण्याची. त्याचं हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत आहे. सातशे वर्षांपूर्वीचं वसंताचं गाणं चिरक्या आवाजात उंदीर म्हणताहेत, आणि ऐकणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला त्यात काहीही जुनं वाटत नाही.

चित्र हलतं कसं?

मुलं हा प्रश्न हमखास विचारतात, म्हणून जरा सविस्तर.

बाहुली जागेवर ठेवायची. एक फ्रेम टिपायची. बाहुलीचा हात किंचित, अगदी दाण्याएवढा सरकवायचा. पुन्हा एक फ्रेम. हे शेकडो वेळा केलं की हात उचलल्यासारखा दिसतो. ब्रिटिश दूरदर्शनवर सेकंदाला २५ चित्रं लागतात. पंधरा मिनिटांचा भाग म्हणजे ९०० सेकंद, म्हणजे २२,५०० चित्रं. एकच स्थिती दोन चित्रं टिकवली तरी अकरा हजारांवर वेळा बाहुलीला हात लावायचा.

दोन माणसांना हे झेपलं कसं? एक तर पोस्टगेट यांचा झपाटा. सोळा मिलिमीटरचा कॅमेरा, एकेक चित्र टिपण्यासाठी घरीच तयार केलेला खटका, आणि दिवसाला सुमारे दोन मिनिटांचं चित्रीकरण. मोठ्या स्टुडिओत एवढ्या वेळात याचा दहावा हिस्सा होणंही मुश्कील. दुसरं, हालचालीची काटकसर. नीट पाहिलंत तर लक्षात येईल की दर क्षणी सगळे जण हलत नाहीत. मॅडेलिन बसलेलीच. बॅगपस आळशी, कारण आळशी मांजराला कमी हलवावं लागतं (हा माझा तर्क, पण पाहून सांगा). सुरुवात आणि शेवट स्थिर छायाचित्रांवर. गोष्टी आणि गाणी चालू असताना फर्मिन यांची चित्रं. म्हणजे खरी मेहनत जिथे दिसायला हवी तिथेच खर्च केलेली: उंदीर घासत-पुसत-चिकटवत असतात तेव्हा.

गॅब्रिएलचा अपवाद. त्याच्या खालच्या डब्यातून हात घालून त्याला हलवता येई, म्हणून त्याचं चित्रीकरण सरळ, न थांबता करता आलं. त्यामुळे तो बँजो वाजवताना जास्त सहज, प्रवाही वाटतो. एकदा सांगितलं की मुलं फरक ओळखण्याचा खेळच सुरू करतात.

सुरुवात तपकिरी आणि मग रंगीत, असं का?

तपकिरी छायाचित्रं जुन्या काळाची, शंभरेक वर्षांपूर्वीच्या इंग्लंडची. बॅगपस जागा असेल तेवढाच वेळ रंग. युक्ती साधी आहे आणि स्वस्तही, पण आता जादू सुरू झाली हे मुलाला एका शब्दाशिवाय कळतं.

छायाचित्रांतली एमिली कोण?

पीटर फर्मिन यांची मुलगी. तिचं नाव खरंच एमिली. आणि जी दुकानाची खिडकी दिसते ती फर्मिन यांच्या ब्लीनच्या घराची खिडकी. कापड शिवायला आई, फोटोला लेक, दुकानाला घराची खिडकी. सगळा मामला घरगुती.

आजच्या मुलांना ही मालिका संथ वाटणार नाही का?

वाटेल. पहिली पाच मिनिटं बहुतेक मुलं चुळबुळतात. दर दोन सेकंदांना दृश्य बदलायची सवय झालेल्या डोळ्यांना इथे काही होतच नाहीये असं वाटतं. हे लपवण्यात अर्थ नाही.

पण इथे संथपणाला काम आहे. वस्तू पडद्यावर पुरेसा वेळ राहते, म्हणून मूल ती बघू शकतं. उंदीर एक डाग पुसतात, मग दुसरा. प्रत्येक डागामागून वस्तूचा थोडा भाग उघडा पडतो आणि तर्क बदलतो. वेग वाढवला तर तर्काला जागाच उरणार नाही. म्हणून माझा सल्ला: सलग तीन-चार भाग लावू नका. एक भाग, आणि तोही मध्ये थांबवून. एमिलीने वस्तू ठेवली की चित्र थांबवा आणि विचारा, ‘काय असेल?’ घरातल्या सगळ्यांनी एकेक उत्तर द्यायचं, आजीनेसुद्धा. मगच पुढे जा. आजीचं उत्तर सहसा याफलपेक्षा चांगलं निघतं, कारण जुन्या वस्तू तिने वापरलेल्या असतात.

भाषा अडेल का?

थोडी. इंग्रजी जुन्या वळणाचं आणि ब्रिटिश आहे, यमकं आहेत, काही शब्द तिथल्या मुलांनाही आज माहीत नसतील. पण निवेदन सावकाश आणि स्पष्ट आहे. इंग्रजी माध्यमातल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला गोष्टीचा धागा सापडतो. त्याहून लहान मुलाला मांडीवर घेऊन बसा आणि तुमच्या शब्दांत सांगत राहा. लंडनमध्ये किंवा लेस्टरमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत हा उलटाही उपयोग होतो: पडद्यावर इंग्रजी, भोवतीची चर्चा मराठीत. वस्तूंची नावं, ‘चेपलेलं’, ‘उसवलेलं’, ‘टवका उडालेलं’, ‘विरलेलं’ असे शब्द एरवी तिथल्या मुलांच्या कानावर पडणार कधी?

लहान मूल घाबरेल असं काही आहे का?

नाही.

कोणत्या भागापासून सुरुवात करावी?

क्रमाने पाहण्याची सक्ती नाही. प्रत्येक भाग स्वतंत्र आहे. पहिला ‘शिप इन अ बॉटल’, म्हणजे बाटलीतलं जहाज. तो चालेल, पण चुळबुळ्या मुलासाठी मी आधी ‘द माउस मिल’ दाखवेन, मग ‘द एलिफंट’, मग ‘द हॅमिश’.

तेरा भागांच्या मालिकेला एवढी कीर्ती कशी?

१९९९ मध्ये बीबीसीने आपल्या मुलांच्या कार्यक्रमांतला सर्वात आवडता कोणता, यावर कौल घेतला, तेव्हा बॅगपस पहिला आला. पंचवीस वर्षांपूर्वीची, तेराच भागांची मालिका. आठवणींचा वाटा त्यात मोठा असणार, हे उघड आहे. मत देणारे तेव्हा मुलं नव्हते. तरीही आठवणीत राहायला आधी काहीतरी असावं लागतं.

बॅगपसला विद्यापीठाची पदवी मिळाली होती, ही अफवा आहे का?

अर्धी खरी. १९८७ मध्ये केंट विद्यापीठाने सन्माननीय पदवी दिली ती ऑलिव्हर पोस्टगेट यांना. ते म्हणाले, ही खरं म्हणजे बॅगपससाठीच आहे. मग बॅगपसला पदवीदानाच्या झग्यात मांडून ठेवण्यात आलं. याफलला काय वाटलं असेल, कोण जाणे!

याच जोडीचं आणखी काही पाहता येईल का?

‘द क्लँगर्स’ (१९६९ पासून). दूरच्या एका छोट्याशा ग्रहावर राहणारे, शिट्टीत बोलणारे गुलाबी प्राणी, लोकरीने विणलेले. विणकाम जोन फर्मिन यांचं. भाषाच शिट्टीची असल्याने मराठी मुलाला आणि इंग्रज मुलाला ते सारखंच कळतं. ‘आयव्हर द इंजिन’ आणि ‘नॉगिन द नॉग’ त्याआधीच्या, १९५९ पासूनच्या, पुठ्ठ्याच्या कापलेल्या आकृत्या हलवून केलेल्या. माझी पसंती क्लँगर्सना.

आपल्याकडे असं काही कोणी केलं आहे का?

केलं आहे, आणि पोस्टगेट जन्मायच्या आधी. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक फ्रेम टिपून चित्रित केली, ती ‘अंकुराची वाढ’. भांडवल देणाऱ्यांना पटवायला हीच चित्रफीत उपयोगी पडली, आणि पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला. १९१५ मध्ये त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. साहित्य काय, तर स्वयंपाकघरातली काडेपेटी. आपल्या मुलांना स्टॉप-मोशनची ओळख करून देताना मी तरी आधी ही गोष्ट सांगते, मग बॅगपसची.

घरी करून बघायचं आहे. काय लागेल?

मोबाइल, तो घट्ट उभा राहील असं काहीतरी (स्टँड नसला तर पुस्तकांची चळत आणि रबरबँड), आणि स्टॉप-मोशनचं एखादं मोफत ॲप. ॲपमध्ये आधीचं चित्र पुसट दिसत राहण्याची सोय असते, ती चालू ठेवा. वस्तू किती सरकली ते कळतं. सेकंदाला १२ चित्रं धरा. दहा सेकंदांच्या फितीला १२० फोटो लागतील, आणि मुलाचा उत्साह साधारण तिथपर्यंतच टिकतो.

विषय म्हणून घरात सापडलेली, कोणालाच ओळखू न येणारी वस्तू घ्या. माळ्यावर, जुन्या डब्यात, शिवणयंत्राच्या खणात अशा वस्तू असतातच: पंपाच्या स्टोव्हची पिन, अडकित्त्याचा अर्धा भाग, कंदिलाचा एखादा सुटा तुकडा. पहिल्या फोटोत वस्तू फडक्याखाली पूर्ण झाकलेली. मग दर फोटोला फडकं थोडं मागे सरकवायचं. दोन-तीन मातीचे उंदीर करून ते फडकं ओढताहेत असं दाखवलंत तर उत्तमच. फीत तयार झाली की घरात आलेल्या पाहुण्याला दाखवा आणि वस्तू पूर्ण दिसायच्या आत ओळखायला सांगा.

दोन गोष्टींनी सगळा खेळ बिघडतो. एक, मोबाइलला लागलेला धक्का. म्हणून फोटो काढायचं बटण बोटाने न दाबता इअरफोनच्या बटणाने किंवा ॲपमधल्या टायमरने दाबा. दोन, खिडकीतला उजेड. ढग आला-गेला की चित्र लुकलुकतं, आणि तुमची स्वतःची सावलीही दर फोटोला वेगळी पडते. पडदे ओढा, एकच दिवा लावा, कॅमेऱ्याचं एक्स्पोजर ॲपमध्ये कुलूपबंद करा, आणि फोटो काढताना सगळ्यांनी दर वेळी त्याच जागी उभं राहायचं असं ठरवून टाका. पंखा बंद. फडकं उडतं.